सिरोंचा : जिल्ह्याच्या जुन्या राजधानीतली पायी फेरी

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. प्राणहिता नदीच्या डाव्या काठावर, ती गोदावरीला मिळते त्याच्या थोडे वर ते वसले आहे. पलीकडे तेलंगणा आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. गडचिरोली शहरापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटरवर आहे. नकाशावर महाराष्ट्राच्या कोपऱ्यात दिसणारे हे गाव १८६० ते १८७४ या काळात एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पुढे १९८० मध्ये नक्षलवादी चळवळीने महाराष्ट्रात पाय ठेवला तोही याच तालुक्यात. या दोन्ही गोष्टींच्या खुणा एका दिवसाच्या फेरीत समजून घेता येतात.

अशा फेरीचा अर्थ काय

युरोपातल्या प्राग, बुडापेस्ट, बुखारेस्ट यांसारख्या राजधान्यांमध्ये वाटाड्याबरोबर पायी फिरून शहर समजून घेण्याची पद्धत आता रुळली आहे. राजवाडे आणि चर्च पाहता पाहता पर्यटक गुप्त पोलिसांच्या इमारतीपाशीही थांबतात. बुडापेस्टमध्ये आंद्राशी रस्त्यावरच्या ६० क्रमांकाच्या इमारतीत आधी हंगेरीतल्या नाझीवादी पक्षाचे आणि मग कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांचे ठाणे होते. २००२ पासून तिथे संग्रहालय आहे. त्याच शहराबाहेर १९९३ साली सुरू झालेल्या मेमेंटो पार्कमध्ये चौकाचौकांतून काढलेले कम्युनिस्ट काळातले पुतळे एकत्र ठेवले आहेत.

सिरोंच्याची तुलना इथपर्यंतच चालते. त्या राजधान्यांत कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर होता. सिरोंच्यात तो कधीच सत्तेवर नव्हता. इथे कम्युनिस्ट विचारांचा एक सशस्त्र गट सत्तेविरुद्ध जंगलातून लढत होता. दुसरा फरक काळाचा आहे. पूर्व युरोपातल्या त्या राजवटी १९८९ मध्ये कोसळल्या आणि मग संग्रहालये उभी राहिली. गडचिरोलीतला संघर्ष मात्र त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिला. त्यामुळे इथे पाट्या, पुतळे आणि तिकीटखिडकी शोधण्यापेक्षा नदी, रस्ते, गावांची नावे आणि कचेऱ्या वाचाव्या लागतात.

पहिला थांबा : बाजार आणि गावांची नावे

फेरीची सुरुवात बाजारापासून करणे सोयीचे. इथे कानावर पडणारी भाषा बहुतांशी तेलुगू असते. घरात तेलुगू, कचेरीत आणि शाळेत मराठी, जंगलातल्या गावांत गोंडी आणि माडिया असा या तालुक्याचा भाषाव्यवहार आहे. पलीकडच्या तीराशी रोटीबेटीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. नदीकाठच्या जमिनीत कापूस आणि मिरची होते, आणि मालाची विक्री व खरेदी अनेकदा तेलंगणातल्या बाजारपेठांत होते.

तालुक्यातल्या गावांची नावे हाच इतिहासाचा पहिला धडा आहे. नावाच्या शेवटी येणारे ‘पेठा’, ‘पल्ली’, ‘गुडम’ हे तेलुगूतून आलेले शब्द. पेठा म्हणजे वस्ती किंवा पेठ, पल्ली म्हणजे गाव, गुडम म्हणजे पाडा. या यादीत एक नाव वेगळेच उठून दिसते : ग्लासफोर्डपेठा. शेवट तेलुगू आणि सुरुवात इंग्रज अधिकाऱ्याच्या आडनावाची. हा अधिकारी म्हणजे कॅप्टन ग्लासफर्ड, सिरोंच्याचा डेप्युटी कमिशनर. बस्तर संस्थानावरचा त्याचा १८६२ सालचा अहवाल आजही अभ्यासक वाचतात.

उन्हाळ्यात बाजारात ‘कलेक्टर’ नावाचा मोठ्या आकाराचा आंबा येतो. ही जात इंग्रज साहेबाने आणवली, असे इथे सांगितले जाते. तेलुगू मुलखात तोतापुरी आंब्यालाही कलेक्टर म्हणतात, तेव्हा हे नाव नदीच्या दोन्ही काठांवर चालते. जिल्हा गेला, कलेक्टर गेला, त्याचे पद मात्र आंब्याला चिकटून राहिले.

दुसरा थांबा : तहसील आणि बुडालेला जिल्हा

तहसील कचेरीपाशी उभे राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हा, की एवढ्या आडबाजूच्या गावात इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे का केले?

१८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा कंपनीच्या हाती आला. सिरोंचा तेव्हा निजामाकडे होते. १८५८ मध्ये चांद्याच्या दक्षिण भागात मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी देण्यात आली. नदीकाठचा हा पट्टा दूर चांद्यातून सांभाळणे अवघड आहे, याचा अनुभव इंग्रजांना असा आला होता.

१८६० मध्ये इंग्रजांनी निजामाशी तह करून गोदावरीच्या डाव्या काठावरचे तालुके घेतले. त्यांचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा हे त्याचे मुख्य ठाणे. खाली थेट भद्राचलमपर्यंतचा मुलूख या जिल्ह्यात होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर त्याचा कारभार नागपूरच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली आला.

जिल्हा फार टिकला नाही. १८७४ मध्ये तो मोडला. भद्राचलम आणि रेकापल्ली हे भाग मद्रास इलाख्यात गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यातली एक तहसील झाली. १९०९ मध्ये नुगूर, अल्बाका आणि चेरला हेही मद्रासकडे गेले. उरलेले सिरोंचा आधी मध्य प्रांतात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात आले. पलीकडचा तीर या काळात निजामाचे राज्य, हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगणा झाला.

तिसरा थांबा : प्राणहितेचा काठ

गावातून नदीकडे आले की जिल्ह्याच्या जन्माचे आणि मरणाचे कारण समोर वाहताना दिसते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून तयार होणारी प्राणहिता इथे रुंद झालेली असते. इंग्रजांना या पाण्यात रस्ता दिसत होता.

गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा अभियंता आर्थर कॉटन नद्यांतून जलवाहतूक व्हावी या मताचा होता. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने बोटीतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा, अशी अप्पर गोदावरी योजना होती. तिचे काम कॅप्टन हेग याच्याकडे होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या योजनेचे मोल एकदम वाढले.

अडचण होती ती नदीतल्या खडकांची. मार्गात तीन मोठे अडसर होते :

- पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेम येथे.
- दुसरा इंद्रावतीच्या मुखाखाली इंचमपल्ली येथे.
- तिसरा प्राणहितेत अहेरीजवळ देवलमरी येथे.

सिरोंचा दुसऱ्या आणि तिसऱ्या अडसराच्या मधोमध येते. म्हणजे हे ठाणे निवडण्यामागे नदीच होती. दुम्मगुडेमला बंधारा आणि कालव्याची दारे बांधली गेली. वरच्या अडसरांचे काम मात्र पुरे झाले नाही. बोटी चालण्याइतके पाणी वर्षातले काही महिनेच असे, आणि हिवतापाने मजूर व अधिकारी बेजार होत. तेवढ्यात १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोचली. अमेरिकेतले युद्ध १८६५ लाच संपले होते. कापूस रेल्वेने पश्चिमेकडे मुंबईला जाऊ लागला आणि १८७१ मध्ये जलमार्गाचे काम थांबवण्यात आले. त्यानंतर तीनच वर्षांत जिल्हाही मोडला. ब्रिटिशकाळातले विश्रामगृह ही त्या दिवसांची गावात पाहता येण्यासारखी खूण.

चौथा थांबा : घाट, दर्गा आणि पुष्कर

नदीचे दुसरे महत्त्व धार्मिक आहे. गुरू ज्या राशीत जातो त्या राशीच्या नदीचा पुष्कर, असा संकेत आहे. गुरू मीन राशीत गेला की प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे साधारण बारा वर्षांनी एकदा. एप्रिल २०२२ मध्ये हा सोहळा सिरोंच्यात बारा दिवस झाला आणि महाराष्ट्राबरोबर तेलंगणातले भाविकही मोठ्या संख्येने आले.

पलीकडच्या तीरावर कालेश्वरमचे कालेश्वर-मुक्तेश्वर मंदिर आहे. एकाच शाळुंकेवर दोन लिंगे हे त्याचे वैशिष्ट्य. एक यमाचे, एक शिवाचे. प्राणहिता आणि गोदावरीबरोबर इथे गुप्त सरस्वतीही मिळते, अशी श्रद्धा असल्याने त्याला त्रिवेणी संगम म्हणतात. सिरोंच्यातला वली हैदरशाह बाबांचा दर्गा सर्व धर्मांच्या लोकांचे श्रद्धास्थान आहे. तिथल्या उरुसालाही दोन्ही राज्यांतले लोक येतात.

पाचवा थांबा : पूल आणि १९८० चे वर्ष

नदीवरच्या पुलांमुळे आज सिरोंच्याहून कालेश्वरमला किंवा चेन्नूर, मंचेरियालकडे थोड्या वेळात जाता येते. पूल होण्यापूर्वी ये-जा नावेने चाले, आणि पाणी उतरल्यावर पात्रातून. नक्षलवादी चळवळ महाराष्ट्रात कशी आली, हे समजून घ्यायला हीच जागा योग्य आहे.

नदीपलीकडे कम्युनिस्ट चळवळीचा इतिहास आधीपासूनचा. १९४६ ते १९५१ या काळात निजामाच्या राज्यात जमीनदारी आणि वेठबिगारीविरुद्ध तेलंगणाचा सशस्त्र शेतकरी लढा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाल्यावरही तो काही काळ चालू होता. १९५१ मध्ये तो मागे घेण्यात आला. पुढे १९७८ मध्ये करीमनगर जिल्ह्यातल्या जगत्याल आणि सिरसिल्ला भागात शेतमजुरांनी पुन्हा जमीनदारांविरुद्ध आंदोलन उभे केले. ऑक्टोबर १९७८ मध्ये आंध्र सरकारने हा भाग अशांत म्हणून जाहीर केला आणि पोलिस कारवाई वाढली.

२२ एप्रिल १९८० रोजी कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली ‘पीपल्स वॉर ग्रुप’ स्थापन झाला. मैदानी भागात पोलिसांचा दबाव वाढला तर मागे हटण्यासाठी जंगलाचा आधार हवा, म्हणून त्यांनी लहान लहान सशस्त्र तुकड्या गोदावरीच्या जंगलपट्ट्यात पाठवल्या. या तुकड्यांना दलम म्हणतात. त्यातले एक दलम प्राणहिता ओलांडून सिरोंचा तालुक्यात आले.

सिरोंचाच का, याची तीन कारणे दिसतात. पलीकडे आंध्र पोलिसांची हद्द संपत होती. अलीकडे लोकांना तेलुगू समजत होती. आणि जिल्ह्याचे ठाणे चंद्रपूर तेव्हा दोनशे किलोमीटर दूर होते, म्हणजे इंग्रजांची १८५८ मधली अडचण सव्वाशे वर्षांनीही तशीच होती.

नोव्हेंबर १९८० मध्ये मोयाबिनपेठा येथे पोलिसांच्या गोळीबारात पेद्दी शंकर मारला गेला. तो बेल्लमपल्लीच्या कोळसा पट्ट्यातून आलेला कार्यकर्ता होता. गडचिरोलीच्या भूमीवर या चळवळीतला पहिला बळी म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

लोक दलमकडे का वळले आणि काय भोगले

सुरुवातीच्या वर्षांत दलमने घेतलेले प्रश्न रोजच्या जगण्यातले होते : तेंदूपानांच्या पुड्यांचा दर, कागद गिरणीसाठी बांबू तोडण्याची मजुरी, वनरक्षकांचा त्रास, सरपण आणि मोहासाठी द्यावी लागणारी लाच. तेंदूपानांचे दर वाढले, आणि त्याचा फायदा लोकांना झाला. १९८४ मध्ये अहेरी तालुक्यातल्या कमलापूर येथे आदिवासी शेतकऱ्यांचे अधिवेशन ठरले होते, ते पोलिसांनी होऊ दिले नाही. त्याच वर्षी इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध बाबा आमटे यांच्या सहभागाने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. बुडणारी जमीन आणि जंगल हा प्रश्न बंदुकीशिवायही मांडला जात होता.

पुढे चित्र बिघडत गेले. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांच्या हत्या झाल्या. सरपंच, शिक्षक, पोलिसपाटील यांना दोन्ही बाजूंच्या दबावाखाली राहावे लागले. रस्त्याची यंत्रे जाळली गेली, निवडणुकांवर बहिष्कार पुकारले गेले. दुसरीकडे निरपराध आदिवासींना नक्षलसमर्थक ठरवून त्रास दिल्याच्या तक्रारीही आल्या. १९९० मध्ये स्थानिक तरुणांतून भरती करून गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले. त्यामुळे एकाच गावातला एक मुलगा दलममध्ये आणि दुसरा पोलिसांत, अशी वेळ आली. २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर एकत्र येऊन भाकप (माओवादी) हा पक्ष तयार झाला.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत या पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. तो मूळचा गोदावरीपलीकडच्या पेद्दपल्लीचा.

स्मारकांचा प्रश्न

या संघर्षाची स्मारके दोन प्रकारची आहेत. जिल्ह्यात शहीद पोलिसांची स्मारके आहेत आणि त्यांच्यापुढे सरकारी मानवंदना होते. नक्षलवाद्यांनीही आपल्या मृतांसाठी जंगलातल्या गावांत लाल रंगाचे स्तंभ उभारले. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा त्यांचा शहीद सप्ताह. असे अनेक स्तंभ पोलिसांनी, कधी गावकऱ्यांनीही पाडले. संशयावरून मारले गेलेले साधे गावकरी मात्र या दोन्ही यादींत बहुधा नसतात.

म्हणून इथल्या फेरीत एक पथ्य पाळावे लागते. लोकांना ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे’ असे विचारू नये. ज्यांचे आप्त गेले ती कुटुंबे याच गावांत राहतात, एकाच बाजाराला येतात. पोलिस ठाणी आणि छावण्यांचे फोटो काढू नयेत. ऐकून घेतले, तर नावेच्या दिवसांबद्दल, तेंदूच्या हंगामाबद्दल आणि पुराबद्दल लोक आपणहून बोलतात. इतिहास त्यातच येतो.

गावाबाहेरचे थांबे

*मेडीगड्डा बंधारा.* सिरोंच्याच्या खालच्या अंगाला गोदावरीवर तेलंगणाच्या कालेश्वरम उपसा योजनेचा हा मोठा बंधारा आहे. त्याचे एक टोक महाराष्ट्रात पोचमपल्लीपाशी टेकते. लांबी सुमारे १.६ किलोमीटर आणि दरवाजे ८५. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला आणि २१ जून २०१९ रोजी उद्‌घाटन. फुगवट्याने गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि पुराचे नुकसान यांसाठी सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी वारंवार आंदोलने केली. जुलै २०२२ च्या पुरात नदीकाठची गावे हलवावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले.

*वडधम जीवाश्म उद्यान.* या खोऱ्यातले खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आहेत. प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून भूशास्त्रात ‘कोटा’ हे खडकांच्या थराचे नाव रूढ झाले. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालेल्या एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचे नाव रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ ‘बारापासॉरस टागोरी’ ठेवले आहे. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधमला जीवाश्म झालेली झाडांची खोडे पाहता येतात.

*सोमनूर संगम.* असरअल्लीच्या पुढे इंद्रावती गोदावरीला मिळते. तीन राज्यांच्या सीमा इथे एकत्र येतात.

कसे जावे, कधी जावे

गडचिरोलीहून आष्टी, आलापल्ली मार्गे रस्ता आहे. आलापल्लीच्या पुढे तो बराचसा जंगलातून जातो, तेव्हा दिवसा प्रवास करावा. रेल्वेने येणाऱ्यांना तेलंगणातले मंचेरियाल स्थानक सोयीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मे मध्ये ऊन कडक असते आणि पावसाळ्यात नाल्यांच्या पुरामुळे रस्ते बंद पडतात. गावातली फेरी सकाळी सुरू केली तर दुपारपर्यंत पुरी होते. बंधारा, वडधम आणि सोमनूर यांसाठी वाहन आणि आणखी एक दिवस हाताशी ठेवावा. मराठीबरोबर थोडी तेलुगू येणारा स्थानिक सोबती असेल, तर गावांच्या नावांचे अर्थही वाटेत कळत जातात.